बावखलात उतरण्याचा पोशाख

जलावर ज्याची शय्या आहे, आणि मेघाच्या उदरापासून विहिरीच्या तळापर्यंत जो एकाच शांतपणे नांदतो, त्या श्रीनारायणाला प्रथम वंदन करतो आणि मगच लेखणी हाती घेतो. प्रसंग असा, की आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर देवाघरी गेले त्याला या माघात एक वर्ष पूर्ण झाले. परवा त्यांच्या वाडीतल्या बावखलाच्या काठी आम्ही वीस-पंचवीस माणसे जमलो होतो. फादरांनी प्रार्थना म्हटली, पाण्यावर पवित्र जल शिंपडले. नंतर मास्तरांची कन्या माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, पप्पांविषयी तुम्ही लिहा. आम्ही लिहायला बसलो की नुसतं रडू येतं." मी होकार दिला. परंतु लिहायला बसल्यावर ध्यानात आले, की मास्तरांचे स्मरण केले की मला रडू येण्याआधी हसू येते. आणि ते हसू पुष्कळदा एका काळ्या रबरी पोशाखापाशी जाऊन थांबते. त्या पोशाखाने या लेखात अधिक जागा घेतली तर वाचकांनी क्षमा करावी.

मास्तर वयाने माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. संस्कृत शिकवण्यासाठी मी देशावरून येऊन वसईच्या शाळेत रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक उंच, सडसडीत गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. शर्ट पांढरा, त्यावर निळ्या रंगाचे दोन ठिपके. मी नमस्कारासाठी हात जोडले. त्यांनी ते जोडलेले हात हलकेच सोडवले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "नखे ठीक आहेत. बसा."

ही त्यांची रीतच होती. किल्ल्यांच्या जुडग्याला एक नेलकटर कायम लटकत असे. वर्गात पाऊल टाकले की पहिला हुकूम सुटे, "नखे दाखवा." ज्याची वाढलेली असतील त्याला बाकावर उभे न करता ते स्वतः खाली गुडघ्यावर बसत आणि त्याची दहाही नखे कापून देत. आरोग्याचा उपदेश त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्यांचे कारण निराळे होते. "कागदाला नख लागले की जखम होते. लगेच दिसत नाही. रंग दिलात की वर येते."

चित्राचा कागद पाटीवर चिकटवण्याचे काम ते मुलांना करू देत, पण शेजारी उभे राहून. खळ लावायची, कागदाची एक कड टेकवायची, तळव्याने हवा पुढे ढकलत जायचे. एखादा मुलगा घाईने कागद दाबून मोकळा झाला की मास्तरांचा आवाज येई, "मागची सुरकुती सोडून पुढे जाऊ नका." तीन दशके मी हे वाक्य भिंतीपलीकडून ऐकले. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. शब्दरूपे पाठ करणारी माझी मुलेही मधूनच ते वाक्य त्याच चालीवर म्हणत.

सोमवारी मास्तर घरून एक काचेची बाटली आणत. तीत त्यांच्या बावखलाचे पाणी असे. ती खिडकीत धरून ते पाण्याकडे बराच वेळ बघत आणि आम्हांला वार्ता देत, "आज पाणी प्रसन्न आहे," किंवा "आज पाण्याचा चेहरा उतरलाय." एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी ते पिण्याचे पाणी समजून अर्धी बाटली रिकामी केली. मुख्याध्यापकांचा रंग उडाला. मास्तरांनी मात्र अत्यंत उत्सुकतेने विचारले, "कसे लागले?" साहेब म्हणाले, "गोड आहे." एवढ्या वर्षांत शाळेच्या तपासणीत खरे बोललेला हा एकच साहेब, असे मास्तर निवृत्तीपर्यंत सांगत असत.

आमची मैत्री ज्या वाटेने वाढली, तिच्यात भांडणाला जागाच नव्हती. गणपतीत त्यांच्या वाडीतला सोनचाफा माझ्या घरी येई. नाताळात मी त्यांच्याकडे जाई, तेव्हा केकच्या ताटापासून दूर माझ्यासाठी केळ्यांचा एक घड ठेवलेला असे. "निर्धास्त खा, शास्त्रीबुवा. यात अंडे नाही. मी स्वतः झाडाला विचारलंय."

आता बावखलाविषयी सांगितले पाहिजे, कारण बाहेरगावच्या वाचकाला हा शब्द ठाऊक नसेल. वसईच्या जुन्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची लहान तळी असतात, त्यांना बावखल म्हणतात. केळी, नागवेली, फुलझाडे, सारे याच पाण्यावर वाढलेले. समुद्र इतका जवळ असताना जमिनीतून गोड पाणी वर यावे, ही मला नेहमीच ईश्वराची दया वाटत आली आहे. मास्तरांच्या बावखलाच्या तळाशी तीन झरे आहेत. वर्षभरात गाळ, पाने आणि अलीकडे प्लास्टिकच्या पिशव्या यांनी त्यांची तोंडे बुजतात. तोंडे बुजली की पाणी हिरवे पडते, मासे वर येऊन श्वास घेऊ लागतात. नाताळ उलटला की मास्तर कमरेला दोर बांधून त्या दीड पुरुष खोल पाण्यात बुडी मारत आणि झऱ्यांची तोंडे हातांनी मोकळी करत. पंप लावून उपसले तर मासे मरतात, यंत्राने खणले तर काठ ढासळतो. आणि झरे नेमके कुठे आहेत हे त्या हातांखेरीज कोणालाच माहीत नव्हते. पहाटवाऱ्याने पाणी गारठलेले असे. मी काठावर शाल गुंडाळून उभा राहून म्हणे, "मास्तर, थंडी नाही वाजत?" ते म्हणत, "पाणी थंड नसते हो. आपण परके असतो."

निवृत्तीनंतर मी रेल्वेमार्गाच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटीत सदनिका घेतली, तरी आठवड्यातून दोनदा रिक्षाने पूल ओलांडून त्यांच्याकडे जाण्याचा क्रम चुकला नाही. मग एका पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. रुग्णालयातून परत आले ते निम्मे होऊन. जिना चढताना मध्ये थांबत. डॉक्टरांनी थंड पाण्याला मनाई केली.

बावखल मास्तर आणि त्यांचा पुतण्या यांच्या सामाईक मालकीचे. पुतण्या कामणच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. माझाच विद्यार्थी, मनाने सरळ. तो एकदा मास्तरांच्या ओट्यावर बसून म्हणाला, "काका, राग मानू नका. यंदा साफ झालं नाही तर वास मारणार, डास होणार. आजूबाजूच्या सगळ्यांनी भराव टाकलेत. आपण पण टाकून घेऊ. निदान गाड्या लावायला जागा तरी होईल."

मास्तरांनी बावखलाकडे पाहिले. मग म्हणाले, "संक्रांतीपर्यंत थांब. तोवर साफ झाले नाही, तर मी सही करतो."

त्यांनी दिलेला शब्द मोडल्याचे मी कधी पाहिले नव्हते. त्यामुळे मला फार भीती वाटली.

मास्तरांची कन्या परदेशात परिचारिका आहे. तिने हे सारे ऐकले आणि एक खोके पाठवले. आत वेटसूट होता. जाड, काळ्या रबराचा, गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला घट्ट बसणारा पोशाख. पाण्यात शरीराची ऊब टिकवणारा. तो दाखवल्यावर डॉक्टरही नरमले. "कमरेला दोर, काठावर माणूस आणि दहा मिनिटांच्या वर नाही," एवढ्या अटींवर त्यांनी मान हलवली.

पण त्या घरातला अंतिम शब्द डॉक्टरांचा नव्हता. वहिनींचे, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचे, माहेर कोळ्यांच्या वस्तीतले. समुद्राचा स्वभाव ओळखणारी, थोडके पण ठाम बोलणारी बाई. त्या म्हणाल्या, "डॉक्टर बोलला ते बोलला. आता माझं ऐका. हा कपडा चढवायलाच तुम्हाला धाप लागली, तर पान्यात काय होनार? अंगावर चढवून माझ्यासमोर उभं राहायचं आन एका दमात 'नमो मारिया' म्हनायची. मधी थांबलात तर पान्यात पाय नाय."

'नमो मारिया' ही मारियामातेची छोटीशी प्रार्थना; अट न्याय्य होती. ज्यांनी असा पोशाख कधी घातला नाही, त्यांना ती क्षुल्लकही वाटेल. मलाही वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनींचा फोन आला. "शास्त्रीसर, लवकर या. तुमचा मित्र अर्धा मानूस आन अर्धा मासा होऊन सोफ्यावर पडलाय. वर पन जात नाय आन खाली पन येत नाय."

मी गेलो. मास्तर कमरेपर्यंत काळे आणि वर बनियनवर, पाय ताठ पसरून पडले होते. गुडघ्यांवरची जाड ठिगळे मागे, पोटऱ्यांच्या वर आलेली. पोशाख उलटा चढवला होता. मला पाहून ते गंभीरपणे म्हणाले, "शर्टाची बटणे पुढे असतात. पँटची चेन पुढे असते. मग याची चेन मागे का असावी, हे तुम्ही शास्त्राधाराने सांगा." तो काढायलाच अर्धा तास लागला. त्यात हसून हसून वहिनींना उचकी लागली, आणि त्या दिवशी परीक्षा झालीच नाही.

त्यानंतरच्या दिवशी जे झाले त्याचा दोष माझा आहे. तो इथे स्पष्टपणे लिहितो, कारण मास्तरांनी तो कधी कोणाला कळू दिला नाही.

मी मनाशी विचार केला, की झऱ्यांची तोंडे मोकळी करणे हे पूजेसारखे काम. पूजेला बसण्यापूर्वी स्नान हवे. मी आग्रहाने म्हटले, "मास्तर, आधी स्नान करा. मग हे वस्त्र धारण करा." त्यांनी माझ्या शब्दाचा मान राखला. कढत पाण्याने स्नान केले, घाईघाईने अंग पुसले आणि आम्ही दोघे त्या पोशाखाशी झुंजू लागलो. दमट कातडीला ते रबर असे चिकटले की पोटरीच्या वर सरकेना. मी खाली बसून ओढतो आहे, मास्तर भिंतीला धरून उभे, दोघांनाही घाम, आणि घामाने ते आणखी चिकटते. कसाबसा खांद्यांपर्यंत आला तेव्हा मास्तर पांढरेफटक पडले होते. वहिनींसमोर उभे राहून त्यांनी प्रार्थनेला आरंभ केला. पहिल्या दोन शब्दांनंतर खोकला आला, तो थांबेचना.

वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला खुर्चीत बसवले, पाठ चोळली, कोमट पाणी पाजले. मग तो पोशाख उचलून आपल्या कपाटात टांगला आणि कपाटाला कुलूप लावले. "झालं, शास्त्रीसर. तुम्ही पन हात लावलात, मी पन बघितलं. आता पान्यात पाय नाय."

संक्रांतीला आठ दिवस उरले होते.

सायंकाळी कन्येचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिथेच होतो. सारे ऐकून ती तिकडून ओरडली, "पप्पा! अंघोळ करून? ओल्या अंगाला ते चिकटणारच ना! एकदम कोरडं अंग पाहिजे. कोणी सांगितलं तुम्हाला अंघोळ करायला?"

मी मान खाली घातली. मास्तर क्षणभर माझ्याकडे बघून फोनला म्हणाले, "कोणी कशाला सांगेल? बंब तापलेला होता, म्हणून केली."

घरी परतताना रिक्षात मला काही सुचत नव्हते. आयुष्यभर मुलांना शुद्ध काय, अशुद्ध काय हे सांगत आलो; आणि माझ्याच शुद्धतेच्या आग्रहाने त्या वृद्ध माणसाचे तळे बुजण्याच्या बेताला आले होते.

सकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे सुटीच्या दिवशी पर्यटकांना पाण्यावरचे खेळ खेळवणारी काही तरुण मंडळी असतात. त्यांतल्या एकाला विचारले, "बाबा रे, तो रबरी पोशाख सहज कसा चढवावा?" त्याने माझे धोतर पाहिले, कपाळावरचे गंध पाहिले. "अंकल, तुम्ही घालणार?" त्याचा सोबती हसू आवरायला पाठ फिरवून उभा राहिला. पण मुलगा सालस होता. त्याने नीट समजावले. "सिंपल आहे. आधी सूट कमरेपर्यंत उलटा करायचा, आतली बाजू बाहेर. पायात प्लास्टिकची पिशवी घालायची, मग सूट सुर्रकन वर. पाय बाहेर आला की पिशवी काढायची, तीच हाताला. आणि नखांनी खेचू नका हां, फाटतो. बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर घ्यायचं. खालचं नीट बसलं नाही ना, तर खांदा कधीच पोचत नाही."

मी आनंदाने तडक मास्तरांकडे गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. नखे आणि पेरे ऐकताना त्यांचे डोळे चमकले. पण पिशवीचे नाव निघताच ते उठले आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथे तीन गोणी होत्या. दर हिवाळ्यात तळातून काढलेल्या पिशव्या त्यांनी धुऊन, वाळवून त्यांत भरून ठेवल्या होत्या.

"या सगळ्या झऱ्यांच्या तोंडातून काढल्या आहेत," ते म्हणाले. "आता यांतलीच एक पायात घालून त्यांच्यापुढे जाऊ? शास्त्रीबुवा, तुम्ही चपला घालून देवघरात जाल का?"

वहिनी आतून म्हणाल्या, "एवढ्यासाठी अडून बसलाय! पिशवी काय पान्यात नेनार नाय, इथेच काढनार."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "पण मला माहीत आहे ना की ती होती."

त्या हट्टापुढे वहिनी हरल्या. मी हरलो नाही, कारण तो हट्ट मला परका नव्हता. पाण्याविषयी त्यांचे जे सोवळे होते, ते माझ्या सोवळ्याहून कडक होते.

दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसलो. माझ्या पूजेचा कद वडिलांचा. त्यांनी तो हयातभर पूजेत नेसला, त्यांच्यामागे मी. उत्तम रेशीम, पण एक खोड: कमरेवर राहत नाही. कितीही घट्ट खोचा, अभिषेकापर्यंत सुटू लागतो. त्या दिवशीही नैवेद्याच्या वेळी तो सरकला, मी सवयीने कोपराने दाबून धरला. आणि तसाच थबकलो. आयुष्यभर मी ज्या निसरडेपणावर चिडत आलो, तोच मास्तरांना हवा होता.

वडील तो कद कोणाला शिवू देत नसत. माझ्या नातवंडांनीही त्याला कधी हात लावला नव्हता. तो पायात घालायला द्यायचा, आणि द्यायचा म्हणजे कापून. मी देवापुढे बराच वेळ बसून राहिलो. समई रोजच्यासारखी तेवत होती. वडिलांची मूर्ती डोळ्यांपुढे आणली. ते मला कठोर दिसतील असे वाटले होते. पण आठवले ते त्यांचे एकच रूप: विहिरीवर ओणवे होऊन, पडलेले चिमणीचे पिल्लू बादलीत घेऊन वर काढणारे, कद भिजलेला आणि पूजा खोळंबलेली. मी उठलो. कदाची घडी केली, कापडी पिशवीत ठेवली आणि रिक्षा केली.

मास्तरांनी घडी उलगडून पाहिली आणि हात मागे घेतले. "शास्त्रीबुवा, हे देवाचे वस्त्र. मी पायात घालू?"

"पाणी निर्मळ करायला जाताना घाला," मी म्हटले.

"तुमच्या वडिलांचे आहे."

"त्यांची परवानगी घेतली आहे."

त्यांनी रेशीम पुन्हा हाती घेतले. वहिनींनी कात्री आणली, पण कोणी तिला हात लावेना. शेवटी मास्तर म्हणाले, "कापायचे ते तुम्हीच. आणि थांबा. नखे दाखवा." त्या घटकेलाही! मी हात पुढे केले. एका नखाचा कोपरा त्यांना पसंत पडला नाही. तो त्यांनी नेलकटरने काढला. मग मी नारायणाचे नाव घेऊन कात्री चालवली. वहिनींनी त्या रेशमाचे मांडीपर्यंत येणारे दोन लांब मोजे शिवले आणि खांद्यापर्यंत येणाऱ्या दोन पिशव्या, हातांसाठी. टाके इतके बारीक की बोटाला लागू नयेत.

संक्रांतीच्या आदल्या सकाळी वहिनींनी कपाटाचे कुलूप काढले. पुतण्याही आला होता. मास्तरांनी स्नान केले नव्हते. अंगाला सुती पंचा फिरवून ते कोरडेठाक होऊन खुर्चीत बसले. पोशाख कमरेपर्यंत उलटा केला, चेन मागे. रेशमी मोजा घातलेला पाय आत गेला आणि घोट्यातून असा बाहेर आला, की आम्ही तिघे एकदम "अरे!" म्हणालो. त्यांनी मोजा ओढून काढला. मग दुसरा पाय.

आणि त्यानंतर मास्तरांनी जे केले ते त्यांच्याखेरीज कोणाला साधले नसते. घोट्यापासून आरंभ करून, दोन्ही हातांच्या पेरांनी, ते रबर कागदासारखे नीट बसवत वर नेऊ लागले. घोटा, पोटरी, गुडघा. मध्येच थांबायचे, तळव्याने चाचपायचे, वळी पडली असेल तर मागे जाऊन ती वर घ्यायची. पुतण्या अधीर होऊन म्हणाला, "काका, वर खेचा ना एकदम." मी आणि वहिनी एका आवाजात म्हणालो, "मागची सुरकुती सोडून पुढे जाऊ नये!"

मांड्या बसल्या, कंबर बसली. रेशमातून हात बाह्यांत शिरले. खांदे आपसूक जागेवर आले. मास्तरांनी वाकून पाठ वहिनींकडे केली. "चेन तेवढी लाव." वहिनींनी एका हाताने खालची कड धरली, दुसऱ्याने चेनची दोरी हळूहळू वर ओढली आणि मानेपाशी पोचल्यावर तो हात तिथेच ठेवला. नंतर त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्हना."

मास्तरांनी श्वास घेतला आणि 'नमो मारिया' म्हटली. संथ, स्वच्छ, शेवटच्या 'आमेन'पर्यंत. मध्ये कुठेही तुटली नाही. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्या म्हणाल्या, "आनखी एकदा."

त्यांनी आणखी एकदा म्हटली.

काठावर पुतण्याने दोर धरला, दोराचे टोक मी माझ्या मनगटाला गुंडाळून घेतले. मास्तर पायऱ्यांवरून पाण्यात गेले आणि बुडाले. वर आले, टोपलीभर गाळ दिला, पुन्हा बुडाले. चौथ्या बुडीनंतर पाण्याच्या मध्यावर बुडबुड्यांची एक माळ उठली, मग दुसरी. पिशव्यांचा एक ओला गठ्ठा काठावर आला. तिसरा झरा मोकळा झाला तेव्हा दहा मिनिटांतला थोडाच अवधी उरला होता. शेवटच्या बुडीला त्यांनी काचेची बाटली नेली होती. झऱ्याच्या तोंडाशी भरून आणलेले ते पाणी त्यांनी उन्हात धरले, बराच वेळ पाहिले आणि बाटली पुतण्यापुढे केली.

तो प्यायला.

"कसे लागले?"

"गोड आहे, काका."

मास्तर वाट बघत उभे राहिले, काळ्या पोशाखातून पाणी निथळत. पुतण्याने बाटलीला बूच लावले. बुडबुड्यांकडे बघत म्हणाला, "गाडी काय, रस्त्यावर पण लावता येते."

त्यापुढे दोन हिवाळे मास्तर त्याच रीतीने पाण्यात उतरले, आणि दोर धरणाऱ्या पुतण्याला झऱ्यांच्या खुणा सांगत गेले. झरे मोकळे झाले की वहिनी रेशीम धुऊन सावलीत वाळवत आणि मास्तर ते घडी करून माझ्या हाती देत. "तुमचे सोवळे, शास्त्रीबुवा. पुढल्या वर्षी आणा." मी ते देवघराच्या खणात ठेवत असे. शिल्लक उरलेल्या कापडाचा पंचा करून मी पूजेला नेसतो, तोही सरकतोच. गेल्या माघात, बावखल साफ होऊन महिना लोटल्यावर, एका दुपारी मास्तर खुर्चीत चित्र काढत बसले असताना शांतपणे गेले. कुठली धाप नाही, यातना नाही. मांडीवरच्या कागदावर पाणी काढलेले होते आणि काठ काढायचा राहिला होता.

यंदा नाताळ उलटला तरी वाडीतून काही निरोप आला नाही. मी विचारले नाही. एके दिवशी पुतण्या माझ्या सदनिकेच्या दारात उभा राहिला. "सर, ते रेशमी मोजे तुमच्याकडेच आहेत ना? मी तो सूट ट्राय केला परवा, पायच जाईना. प्लास्टिकने गेला असता. पण..." तो अडखळला. "काकांना आवडलं नसतं." मास्तरांच्या वर्षदिनाच्या सकाळीच पाण्यात उतरायचे असे आम्ही ठरवले.

परवा, फादरांची प्रार्थना झाल्यावर, मी पिशवीतून रेशीम काढले आणि पुतण्याला देणार इतक्यात त्याने आधी आपले दोन्ही हात माझ्यापुढे केले. तळवे वर, मग पालथे. नखे बारीक, ताजी कापलेली. मी ती नीट पाहिली आणि मान हलवली.

तो हसला. "आता तुमची, सर. तुम्ही पण हात लावणार ना?"

मी हात पुढे केले. समोर नखे बघणारा निराळा होता, मी मात्र पहिल्या दिवसाइतकाच अवघडलो होतो. पलीकडे वहिनी उभ्या होत्या, 'नमो मारिया' ऐकून घ्यायला.

वाचकहो, तो श्रीनारायण तुमच्या घरातल्या पाण्याला प्रसन्न ठेवो. तुमच्या वडीलधाऱ्यांचा श्वास दीर्घ आणि निर्वेध चालो. तुमच्या मुलाबाळांच्या हातांत काही फाडण्याआधी थांबण्याचा धीर येवो. आणि तुमची चूक आपल्या माथी घेऊन हसणारा एक तरी मित्र तुमच्या उंबऱ्याला लाभो. शुभं भवतु.